निरोपानंतरची नऊ सेकंदं

राज्याचं वीजजाळं जिथून चालतं त्या नियंत्रण केंद्राचं ठिकाण सांगायला मला कायद्यानं मनाई आहे. तिथं जाणाऱ्या एस.टी.वर त्याची पाटी असते, पण मी सांगितलेलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

माझी हेमामावशी या केंद्रात काम करते. काम सोपं आहे. विजेची वारंवारता पन्नासवर ठेवायची. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रातले पंखे ठरल्या वेगानं फिरतायत ना, हे एका काट्याकडे बघून सांगायचं, आणि काटा हलला तर कुठली वीज वाढवायची, कुठली तोडायची ते ठरवायचं. आमच्या मिरजेत लाईट गेली की बाबा आईला म्हणायचे, "तुझ्या बहिणीनं घालवली." दोन-तीन वेळा ते खरं निघालं.

पूर्वी मावशी रोज घरी यायची. मग दिव्यांचं प्रकरण झालं. केंद्रातल्या एका इंजिनिअरनं जेवणाच्या सुट्टीत मुलीला व्हिडिओ कॉल लावला. बोलणं संपलं, तो कामाला लागला, पण कॉलसाठी फायरवॉलला पडलेलं भोक उघडंच राहिलं. त्यातून कुणीतरी आत शिरलं आणि सहा जिल्ह्यांतले रस्त्यावरचे दिवे दिवसा चालू आणि रात्री बंद करून ठेवले. चार दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बऱ्याच गावांत ते आधीपासून तसंच होतं. पाचव्या दिवशी दवाखान्यांच्या विजेच्या लायनी हलल्या तेव्हा सरकार जागं झालं. केंद्राला कुंपण पडलं. आतल्यांनी दोन वर्षं आतच राहायचं, असा करार आला. पहिले सोळा महिने फक्त पत्रं. ती तपासून तीन दिवसांनी पोचायची, आणि तपासणारा माणूस मावशीच्या शेजारच्याच खोलीत राहायचा, त्यामुळे तिच्या पत्रांत मुख्यतः हवामान असायचं.

मग आठ महिन्यांपूर्वी आठवड्याला एक व्हिडिओ कॉल मंजूर झाला. गुरुवारी दुपारी चार वाजता. एकदा संपला की थेट पुढच्या गुरुवारी. हा कॉल सुरक्षितपणे फायरवॉलपार न्यायचं काम आमच्या कंपनीला मिळालं.

फायरवॉल म्हणजे काय, हे मी आईला असं समजावलं होतं. आतून बाहेर जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. बाहेरून आत येणाऱ्याला विचारतात, तुम्हाला बोलावलंय का? आतल्या माणसानं आधी हाक मारली असेल, तरच उत्तर म्हणून सोडतात. आता अडचण अशी, की मावशीच्या केंद्राला फायरवॉल आहे आणि आमच्या घराच्या जोडणीलाही आहे. दोघी आपापल्या दारामागे वाट बघत बसल्या तर जन्मात भेट व्हायची नाही. म्हणून दोघींच्याही हद्दीबाहेर एक मध्यस्थ संगणक ठेवायचा. दोघींनी आतून त्याला हाक मारायची. तो इकडची पाकिटं तिकडे देतो, तिकडची इकडे. दोन्ही फायरवॉलना वाटतं, आपल्याच माणसाच्या हाकेला ओ आली. पाकिटांना दोन्ही टोकांना कुलूप, किल्ल्याही तिथंच, त्यामुळे मध्यस्थाला आतलं अक्षर कळत नाही.

आई म्हणाली, "म्हणजे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. फक्त हा तोंड बंद ठेवतो."

मध्यस्थाचं नाव आम्ही जयविजय ठेवलं. देवळाच्या दारात उभे असतात ते. नको त्या पाहुण्यांना अडवल्याबद्दल त्यांना शाप मिळाला होता, हे नाव ठेवताना कुणी तपासलं नाही.

भोक पाडणं कुणालाही जमतं. ते वेळेवर बुजवणं ही खरी कला, आणि तो भाग माझा होता. दोन्ही टोकांच्या यंत्रांत मी एक छोटी प्रणाली बसवली. ती बोलणं ऐकते, पण साठवत नाही आणि कुठं पाठवतही नाही. माणसानं निरोप घेतला असं तिला वाटलं की मध्यस्थाकडे फक्त एक खूण जाते. दोन्हीकडून खूण आली की तीन-दशांश सेकंदात दार बंद. हातानं कॉल तोडायचं बटण आम्ही काढूनच टाकलं, कारण दिव्यांच्या प्रकरणातला तो इंजिनिअर आपण बटण दाबलं होतं असं अजून शपथेवर सांगतो. आणि नव्वद सेकंद कुठल्याच बाजूनं कुणी बोललं नाही, तरी दार बंद. गप्प पडलेलं उघडं भोक हे चोराचं आवडतं ठिकाण.

प्रणालीला निरोप शिकवायला कंपनीनं परदेशी ऑफिसांतल्या बैठकांचा तयार संच आणला. त्यातली माणसं एकदाच निरोप घेत आणि खरोखर जात. मराठी भर मी घातली. ठेवते, ठेवतो, चला मग, काळजी घे, भेटू. चाचणीत अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के आली आणि मला काचेची ढाल मिळाली. तक्रार एकच होती. कराडच्या एका जावयानं सासऱ्यांच्या आधी निरोप घेणं बरं दिसत नाही म्हणून घेतला नाही, आणि सासऱ्यांनी जावयाचा मान म्हणून घेतला नाही. तो कॉल एकोणीस तास चालला. त्यानंतर दोघांचे संबंध सुधारले, असं अहवालात म्हटलं आहे.

आता खरं सांगायचं तर हे काम मी घ्यायलाच नको होतं. मी लहान होतो तेव्हा आई आणि मावशी रोज फोनवर बोलायच्या. आई ओट्याशी उभी, फोन खांद्यात आणि कानात दाबलेला, हातात लसूण. "बरं, ठेवते," असं ती पहिल्यांदा म्हणाली की मी कार्टून लावायचो, कारण अजून एक अख्खा भाग बघून होणार याची खात्री असायची. पहिल्या ठेवतेच्या आधी भाज्या, गुडघे, कुणाकुणाची लग्नं. दुसऱ्यानंतर दुखणी. तिसऱ्यानंतर आईचा आवाज खाली जायचा आणि लसूण सोलणं थांबायचं. मावशीनं ठरलेलं लग्न मोडलं, हे आईला पाचव्या ठेवतेनंतर कळलं. आजोबांच्या गाठीचा रिपोर्ट सहाव्यानंतर. त्या दोघींच्या आयुष्यातली एकही महत्त्वाची गोष्ट पहिल्या निरोपाच्या आधी बोलली गेलेली नाही, आणि हे सगळं माझ्या कानांवर पडत होतं. तरी मी ती प्रणाली लिहिली. संच परदेशी होता, आणि मी नुकताच शिकून आलो होतो.

पहिल्या गुरुवारी कॉल अकरा मिनिटांत संपला. मावशी "बरं ताई, ठेवते" म्हणाली, आई "हो, ठेव, काळजी घे" म्हणाली, आणि पडदा पांढरा झाला. वर अक्षरं आली, संभाषण पूर्ण झाले. आई ती अक्षरं बराच वेळ बघत बसली. दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी ती मला सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, की हेमू आता मोठी अधिकारी झाली, बोलणं पुरं होऊ देत नाही. पुढं तिनंही बोलणं आखडतं घेतलं. कॉल सात मिनिटांवर आला, मग चारवर. कंपनीच्या अहवालात 'सरासरी वेळ साठ टक्क्यांनी घटला' असं वाक्य होतं आणि त्याच्यापुढं हिरवा बाण. तो बाण मीच घातला होता. त्याच घरात बसून, आईनं दिलेला चहा पीत.

मागच्या महिन्यात केंद्राकडून यादी आली. दोन वर्षांचा करार संपतोय, ज्यांना आतच ठेवायचंय त्यांच्या यंत्रांना नवं प्रमाणपत्र द्यायचं, मुदत सात वर्षं. पंधराव्या ओळीत हेमांगी साळवी. संमती, प्रतीक्षेत. शेवटची तारीख अठ्ठावीस, शुक्रवार. यादीतलं काही घरी सांगणार नाही असा कागद मी आधीच सही करून दिलेला होता. घर म्हणजे कोण, याची व्याख्याही कागदात होती. पहिल्या क्रमांकावर आई.

सांगता येत नाही म्हटल्यावर मी नोंदी उघडल्या. बोलणं आमच्याकडे नसतंच. पण दार बंद झाल्यावर बारा सेकंद यंत्राचा माइक चालू राहतो, आणि नंतर आवाज होता का, किती सेकंद, एवढाच आकडा येतो. या रकान्याला मी 'मागे राहिलेला आवाज' असं नाव दिलं होतं आणि तो खुर्ची सरकल्याचा असावा असं धरून चाललो होतो. आमच्या घरच्या टोकाला दर गुरुवारी दोन सेकंद. ते काय होतं मला माहीत होतं. पांढऱ्या पडद्याकडे बघून आई "हेमू?" म्हणायची. मावशीच्या टोकाला शेवटचे सहा गुरुवार, चार, चार, सहा, पाच, आठ, नऊ.

नऊ सेकंदांत काय बोलून होतं, हे मी घड्याळ लावून पाहिलं. 'ताई, एक विचारायचं होतं, सात वर्षांची सही मागतायत, करू का?' हे सावकाश म्हटलं तर साडेपाच सेकंद लागतात. उरलेल्या वेळात 'ताई? ताई?' एवढं बसतं.

मग मी बाकीच्यांचे आकडे काढले. शंभरातली चौऱ्याण्णव माणसं दार बंद झाल्यावर बोलत होती.

मी बिर्जे मॅडमकडे गेलो. त्या आमच्या सुरक्षा-प्रमुख. बेळगावच्या, आणि फायरवॉलला त्या 'आमची भिंत' म्हणतात. मी म्हटलं, पहिल्या निरोपानंतर दार वीस मिनिटं उघडं ठेवा. त्यांनी विचारलं, चोरांना चहा पण ठेवायचा का? मी आकडे दाखवले. मराठी माणूस निरोप घेतो म्हणजे जात नाही, तर आता बोलायला सुरुवात करूया असं सुचवतो, हा माझा मुद्दा होता. त्यावर त्यांनी मला या विधानाचा आधार कुठल्या शोधनिबंधात आहे ते विचारलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाई होत्या. मॅडम "हं, ठेवते मग" असं एकूण नऊ वेळा म्हणाल्या. सातव्या खेपेला त्या खुर्चीतून उठून खिडकीशी गेल्या, माझ्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाही हो आई, मी रागावले नव्हते त्या दिवशी."

फोन ठेवून त्या जागेवर आल्या. त्यांनी बदलाचा अर्ज काढला, स्वतः भरला, आणि मंजुरीला चाळीस दिवस लागतील असं सांगितलं. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

गुरुवारी साडेतीन वाजता मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. यादीबद्दल बोलायची मनाई होती, प्रणालीबद्दल नव्हती, ती आमच्या माहितीपत्रकातच आहे. मी सगळं सांगितलं. आईनं गॅस बंद केला.

"म्हणजे हेमू फोन तोडत नव्हती."

"नाही."

"तू तोडत होतास."

"दोन्हीकडून खूण आली की मध्यस्थ तोडतो," मी म्हटलं.

"आठ महिने मी तिच्यावर रुसले होते," आई म्हणाली. "आणि तू समोर बसून जेवत होतास."

मी म्हटलं, आज निरोपाचा शब्द काढायचा नाही, आणि काही महत्त्वाचं विचारायचं असेल तर आधीच विचारून घ्यायचं. काय महत्त्वाचं, असं तिनं विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हटलं. आई मला सत्तावीस वर्षं ओळखते. ती साडी बदलून आली.

चार वाजता पडद्यावर मावशी आली. करडा गणवेश, मागं खिडकी. ती खिडकी रंगवलेली आहे. केंद्रात खऱ्या खिडक्या नाहीत, म्हणून मानसिक आरोग्यासाठी प्रत्येक खोलीत एक काढून दिलीय, बोळांतही. आईनं आधी माझ्या पराक्रमाची गोष्ट सांगितली. मावशीनं ती शांतपणे ऐकली आणि मला वाटलं तूच कंटाळलीस, असं म्हणाली. आई म्हणाली, मला वाटलं तू. मग दोघींनी मिळून माझ्या शिक्षणावर झालेल्या खर्चाबद्दल थोडी चर्चा केली.

भाज्या झाल्या. गुडघे झाले. कुणाच्या तरी मुलीचं लग्न झालं. आणि मग ती जागा आली, जिथं एरवी ठेवते यायचं. आईनं ओठ मिटले. मावशीनंही. माझ्या लॅपटॉपवर गप्पपणाचे सेकंद मोजले जात होते, एकतीस, बत्तीस.

"बाकी काय?" मावशी म्हणाली.

"बाकी काही नाही."

असं तीनदा झालं. मावशीच्या तोंडावर काहीतरी येऊन थांबलेलं मला स्पष्ट दिसत होतं. मी आईच्या कानात म्हटलं, विचार ना. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. असं मधेच, बसल्या बसल्या, कोण विचारतं?

मग ती उठली. फोन हातात घेऊन दाराशी गेली आणि चपला घातल्या. मला वाटलं, रागावून निघाली. पण तिनं मावशीला सांगितलं, "हेमू, ऊठ तू पण. गेटपर्यंत चल."

आणि मला एकदम आठवलं. मावशी आमच्याकडून जायची ती अशीच. चला निघते म्हणून खुर्चीतून उठायची आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, तिथं वीस मिनिटं. एक चप्पल घालून, एक हातात धरून दहा मिनिटं. जिन्याच्या मधल्या वळणावर कठड्याला हात लावून. मग खाली स्कूटर लावतात तिथं. शेवटी गेटवर, रिक्षा थांबवून, रिक्षावाला इंजिन बंद करेपर्यंत. मी वरून बाल्कनीच्या गजांत तोंड घालून बघायचो. दोघींची डोकी जवळ आलेली असायची, आणि त्यातलं एक डोकं कधीकधी हलायचं, हसण्यानं किंवा दुसऱ्या कशानं, वरून कळायचं नाही. मला तेव्हा वाटायचं की मोठ्या माणसांना रस्ता जास्त आवडतो.

आई जिना उतरू लागली. मी लॅपटॉप हातावर उघडा धरून मागं. पडद्यात मावशीही चालत होती, मागून रंगवलेल्या खिडक्या सरकत होत्या. पहिल्या वळणावर आईनं आपलं बीपी वाढल्याचं सांगितलं, जे मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या वळणावर मावशी म्हणाली की झोप लागत नाही, बाहेर पाऊस आहे की ऊन तेही कळत नाही. स्कूटरपाशी दोघी नुसत्या हं, हं करत राहिल्या. आई गेटवर पोचली. मावशी तिच्या इमारतीच्या बाहेरच्या दारापाशी थांबली, त्यापुढं तिला परवानगी नव्हती.

"ताई, सात वर्षांसाठी आतच राहा म्हणतायत," ती म्हणाली. "उद्या सही द्यायचीय."

आई रस्त्याकडे बघत राहिली. वीस. चाळीस. मी खोकायचा विचार केला, पण खोकला बोलण्यात धरायचा नाही असा नियम मीच घातला होता. साठ. एक सायकलवाला गेला. एकाहत्तर.

"तुला तिथं आवडतं?"

मावशीनं थोडा विचार केला. "आवडतं गं. काटा पन्नासवर स्थिर असला की बरं वाटतं. आपल्यामुळं कुणाचा तरी पंखा चालू आहे, असं."

"मग कर सही."

मावशीनं मान हलवली. मी पडद्यावरून नजर काढली.

"कर," आई म्हणाली. "पण मला करमत नाही. तू गेल्यापासून एक दिवस करमलेलं नाही. एवढं ऐक, आणि मग कर."

मावशीनं नाक पुसलं, गणवेशाच्या बाहीनं, लहान मुलं पुसतात तसं. मग म्हणाली, "थांब हं तिथंच. जाऊ नको." आणि यंत्र पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवून ती आत निघून गेली. पडद्यावर फक्त भिंत उरली.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नव्वद सेकंद कुणी बोललं नाही तर बंद होईल. मग काय करायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बोलत राहायचं. कुणाशी? भिंतीशी.

माणूस नसलेलं उघडं दार दिसलं की ताबडतोब कळवायचं, हे माझ्या नेमणूकपत्रात दुसऱ्या कलमात आहे. कळवायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. मी अंगठा खिशात घातला.

आईनं भिंतीला आधी शेजारच्या बाईंची तक्रार सांगितली. मग माझी. मग तिचा घसा बसला म्हणून मी पुढं झालो आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या, औषधवाल्याची, झेरॉक्सवाल्याची, दाताच्या डॉक्टरांची डिग्रीसकट. तळमजल्यावरचे काका पिशवी घेऊन आले आणि कुणाशी बोलताय असं विचारलं. मी म्हटलं, भिंत आहे, सरकारी. ते बरं म्हणून वर गेले.

पाट्या संपल्या. आईनं फोन परत घेतला. दहा मिनिटं होऊन गेली होती आणि तिला विषय सुचत नव्हता. मग ती भिंतीला अंबाडीची भाजी शिकवू लागली. पानं निवडून घ्यायची, देठ टाकून द्यायचे. तांदळाच्या कण्या आणि शेंगदाणे आधी भिजवायचे. पानं उकडून पाणी काढून टाकायचं, नाहीतर दात आंबतात. हे सगळं ती फार सावकाश सांगत होती, एकेक शब्द पुरवून वापरावा तसा. कण्या शिजल्या की पळीनं घोटायचं. मग तिखट, मीठ. मग वरून लसणाची चरचरीत फोडणी, आणि भाकरी.

"गूळ राहिला," भिंत म्हणाली.

मग यंत्र उचललं गेलं आणि मावशीचा चेहरा आला. धाप लागली होती तिला. डोळे सुजलेले होते.

"नाही म्हणून सांगून आले," ती म्हणाली. "सोळा तारखेला सोडतायत. मिरजेच्या उपकेंद्रात जागा आहे म्हणे, पंखे तिथूनही फिरतात. ताई, ऐकतेयस ना? गूळ राहिला भाजीत."

आईनं गेटचा गज घट्ट धरला होता. तिनं वर बघितलं नाही.

"गूळ शेवटी घालतात," ती म्हणाली.